यादीत नसलेला किनारा

मी चव्वेचाळीस वर्षांची होईपर्यंत समुद्र पाहिला नव्हता, आणि त्यातली शेवटची बारा वर्षं मी लोकांना समुद्र कुठून कुठून पाहावा हे लिहून देत होते. हसू येत असेल तर हसा. मलाही यायचं.

रायपूरला, पंडरीच्या कापड बाजारात, वरच्या मजल्यावर आमचं सहलींचं ऑफिस. खाली साड्यांचे गठ्ठे, जिन्यात खोक्यांची रास, वर दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि भिंतीवर निळ्याशार पाण्याचं पोस्टर. रायपूरच्या माणसाला सगळ्यात सोयीचा समुद्र म्हणजे विशाखापट्टणम. आमच्याकडचे जुने रेल्वेवाले त्याला अजून वाल्टेरच म्हणतात. संध्याकाळी गाडीत बसलं की सकाळी समुद्र, त्यामुळे आमची निम्मी गिऱ्हाइकं तिकडेच जायची. त्यांच्यासाठी 'अवश्य पाहावे' अशी यादी मी बनवायचे, हिंदीत एक आणि मराठीत एक. कैलासगिरीची टेकडी, किनाऱ्यावर आणून ठेवलेली पाणबुडी, सिंहाचलमचं देऊळ, ऋषिकोंडा, आणि एक दिवस जास्तीचा असेल तर बोर्रा गुहा नि अराकू. मराठी यादीत तोटलकोंड्याचे स्तूप सगळ्यात वर असायचे. आमची मराठी गिऱ्हाइकं बहुतेक आमच्यातलीच, नागपूर-भंडाऱ्याकडून रेल्वेत आणि कारखान्यात नोकरीला आलेली बौद्ध कुटुंबं. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खू तिथे टेकडीवर बसून समुद्र बघायचे म्हटलं की आमच्या काकू मंडळींचे डोळे भरून यायचे.

मी हे सगळं मोबाइलवरून आणि परत आलेल्या लोकांच्या तोंडून गोळा केलेलं. कोणी म्हणायचं, "मॅडम, तुम्ही तर कितीदा जाऊन आल्या असाल!" मी म्हणायचे, "मोजलं नाही." खोटं नव्हतं ते.

एक किनारा मात्र त्या यादीत कधीच नव्हता. शहरापासून थोडा लांब, टेकडीच्या वळणामागे आहे. दिसायला फार देखणा आहे म्हणतात. नाव मी इथेही लिहिणार नाही. माझा भाऊ तिथे गेला.

तो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, तेव्हा एकोणीसचा. रेल्वे कॉलनीच्या मागे आमच्या पाऱ्याचा, म्हणजे मोहल्ल्याचा, तलाव होता आणि त्या तलावात त्याच्यासारखं कोणी पोहत नसे. उन्हाळ्यात शाळा सुटली की पाण्यात, ते आईची हाक येईपर्यंत. मला पोहायला त्यानंच शिकवलं. शिकवताना एकच वाक्य सारखं म्हणायचा, "पाण्याले पाठ देऊ नको." घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ असायचं, पाठमोरं उतरलं की पाय सटकायचा, म्हणून.

त्याचा एक मित्र होता, आमच्याच क्वार्टरांच्या लायनीतला, त्याचे वडीलही रेल्वेतच. दिवसभर दोघं बरोबर. एका शुक्रवारी दोघांनी घरी सांगितलं, डोंगरगडला जातो, टेकडीवरच्या बुद्धमूर्तीचं दर्शन घेऊन उद्या येतो. आईनं पोळ्या बांधून दिल्या. आईचा राग पाऱ्यात प्रसिद्ध होता आणि खोटं बोललेलं तिला अजिबात खपत नसे, म्हणून डोंगरगडचं नाव पुढे केलं असणार, कारण विहाराला, दर्शनाला ती कधी नाही म्हणायची नाही. दोघं डोंगरगडला गेलेच नाहीत. उलट्या दिशेची गाडी पकडून वाल्टेरला गेले. समुद्र पाहायचा होता, एवढंच.

तिसऱ्या दिवशी कॉलनीत पोलीस आला. वाळूवर भावाचे कपडे सापडले होते, चप्पल आणि कॉलेजचं ओळखपत्र. मित्र तिकडच्या ठाण्यात बसलेला होता. त्यानं लिहून दिलं होतं, 'आम्ही दोघे पाण्यात होतो, नंतर तो दिसला नाही.' बस. त्याचे वडील त्याला घेऊन आले आणि महिन्याभरात बदली करून घेऊन सगळं कुटुंब निघून गेलं. आमच्या दारात तो मित्र एकदाही उभा राहिला नाही. भाऊ सापडला नाही, जिवंत नाही आणि दुसऱ्या तऱ्हेनंही नाही.

बाबांनी मानलं. आईनं मानलं नाही. जायच्या आदल्या दिवशी बाबांचं आणि भावाचं नोकरीवरून भांडण झालं होतं, ते धरून तिनं आपली एक गोष्ट रचली. रागानं गेला, कपडे मुद्दाम टाकून गेला, राग उतरला की येईल. "सकाळपासून सांजेलोक तलावात राहणारा पोट्टा," ती म्हणायची, "पाण्यात कसा मरंल?" मला तेव्हा हे पटायचं. आमच्यासाठी पाणी म्हणजे तलावच. ज्याला तलाव येतो त्याला पाणी येतं, यात शंका घ्यायला जागाच नव्हती. भावालाही तेच वाटलं असणार.

त्याचा जलदान विधी, माणूस गेल्यावर आमच्यात करतात तो, आईनं होऊ दिला नाही. पुढे बाबा गेले, त्यांचा विधी रीतसर झाला, फोटोला हार चढला. भावाच्या फोटोला नाही. राशन कार्डाचा फॉर्म भरायची वेळ आली की आई त्याचं नाव सांगायची, आणि वयही सांगायची, दर खेपेला बरोबर वाढवून. माझं लग्न झालं, मोडलं, मी परत आईजवळ आले, त्या कार्डावर मी आत-बाहेर झाले. तो तिथेच राहिला.

खरं तर यादीत मी त्या किनाऱ्याचं नाव घालून खाली लिहायला हवं होतं, की इथे पाण्यात उतरू नका. आता लिहिते, लाल अक्षरात, सगळ्यात वर. पण तेव्हा मला वाटायचं, नाव लिहिलं तर कोणीतरी विचारील, का हो, काय झालं तिथे? आणि मग मला सांगावं लागेल. म्हणून मी गप्प बसले. बारा वर्षं शेकडो माणसं, लेकरंबाळं घेऊन, मी त्या बाजूला पाठवली आणि तोंडाला कुलूप घालून बसले. याची लाज मला आजही वाटते.

माझी एक पद्धत होती. सहलीहून आलेल्या मंडळींना मी चहाला बोलवायचे आणि काय काय पाहिलं ते विचारायचे. त्यातूनच यादी सुधारायची. कोणाच्या तरी पिशवीतून, चपलेतून थोडी वाळू जिन्यात सांडायची. ती मी झाडून काढायचे. माझा समुद्र तेवढाच.

एका दुपारी पोस्टातून निवृत्त झालेले एक काका आणि त्यांच्या बायको असेच बसले होते. सगळं सांगून झालं, चहा संपला, आणि काकू एकदम आवाज खाली आणून म्हणाल्या, "एक जागा तुमच्या यादीत नव्हती बरं का. ड्रायव्हरनं नेलं." आणि त्यांनी त्या किनाऱ्याचं नाव घेतलं.

मी म्हटलं, "बरं."

"आम्ही फोटो काढून राहिलो होतो. घोट्याएवढ्या पाण्यात उभे. आजूबाजूला चिटपाखरू नाही. आन् मागून आवाज आला, आपल्या मराठीत! 'पाण्याले पाठ देऊ नका!'"

मी रिकामा कप उचलला आणि परत तिथेच ठेवला.

"वळून पाहतो तं एक माणूस. अंगावरचा शर्ट सगळा ओला. ह्यांना म्हणे, पायाखालची वाळू चालून राहिली, समजत नाही का तुम्हाले? आम्ही बाहेर आलो, सामान उचललं, आभार मानाले वळलो, तं कोणी नाही. एवढा मोठा मोकळा किनारा, आन् कोणी नाही."

काका म्हणाले, "सुरूच्या झाडात गेला असंल." काकू म्हणाल्या, "एवढ्या लवकर?"

मी स्वतःला रागावले. विदर्भातली माणसं कुठे नसतात? पण ते वाक्य डोक्यातून जाईना. घाटावरची वाक्यं घाटावरच राहतात, ती दीडशे कोसांवर कशी जातील, असं वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी मी तिकडच्या ड्रायव्हरला फोन केला. तो म्हणाला, "मैं तो गाड़ी के पास था मैडम. मैंने तो कोई आदमी नहीं देखा."

चार-पाच महिन्यांनी कॉलेजातल्या मुलामुलींचा एक घोळका जाऊन आला. सगळी आपल्या लोकांचीच पोरं, पण मराठीत विचारलं तरी उत्तर हिंदीत. त्यातली एक पोट्टी हसत हसत सांगत होती, "दीदी, वहाँ एक अंकल मिले, मराठी में डाँट रहे थे. काहून आत जाता, काहून आत जाता! हम तो डर गए."

"कसा होता दिसायला?"

"दुबले-से. पूरे भीगे हुए. हमने बोला रायपुर से आए हैं, तो एकदम चुप हो गए. फिर पूछा, रेल्वे कॉलनीच्या मागं तलाव आहे का अजून?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"हमको क्या पता, दीदी? कौन-सा तालाब? हमने बोला नहीं मालूम. फिर वो पानी की तरफ देखते रहे. हम चले आए."

मुलगी पुढे दुसरं काही सांगत होती, मला ऐकू येत नव्हतं. तो तलाव बुजून गेला आहे. त्यावर गाड्या उभ्या राहतात. आमच्या लायनीतल्या म्हाताऱ्या माणसांशिवाय तो कोणाच्या लक्षातही नाही. त्या दिवशी पोरं गेल्यावर मी जिना झाडायला घेतला, आणि वाळू हाताला ओली लागली. कोणाच्या तरी बाटलीतलं पाणी सांडलं असेल. सांडलंच असेल. पण मी झाडू तिथेच टाकला आणि घरी निघून आले.

आईला काही सांगितलं नाही. काय सांगणार? की तुझा मुलगा जिवंत असेल? की तो जिवंत नसून तिथे फिरतो आहे? यातलं कुठलं जास्त वाईट, ते मलाच ठरवता येत नव्हतं.

तिसऱ्यांदा कळलं ते नवा रायपूरमध्ये, शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीत. पुण्याकडचं एक जोडपं, नवरा तिथल्या एका ऑफिसात बदलून आलेला. त्यांची मुलगी आजारी होती म्हणून मीच त्यांच्याकडे गेले. बस चौकात सोडून निघून गेली आणि मी त्या रुंद रस्त्याच्या कडेला एकटी. भर दुपार, दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथपर्यंत रस्ता, आणि माणूस म्हणून एक नाही. मला उगाच काकूंचं वाक्य आठवलं, एवढा मोठा मोकळा किनारा, आन् कोणी नाही. मी भराभरा चालायला लागले.

बाईंनी छान पोहे केले होते. सहलीचं बोलणं निघालं तसं त्या म्हणाल्या, "आमची पोर वाचली हो. मी फोटो काढत होते आणि ही पाण्यात उभी. लाटेनं परत जाताना हिला बसवलं खाली आणि ओढायलाच लागली. तो माणूस कुठून आला देव जाणे. मनगट धरून बाहेर काढलं. तुमच्या इकडचंच बोलत होता. 'मले माहीत आहे हे पाणी,' असं काहीतरी."

सहा वर्षांची ती मुलगी पांघरुणातून म्हणाली, "काकांचा हात गार होता. खूप गार."

"फोटो आहे?" मी विचारलं.

होता. मुलीचा हसरा चेहरा, पिवळा फ्रॉक, आणि कडेला, चौकटीच्या अगदी टोकाशी, पाठमोरा एक माणूस. मी चित्र मोठं करत गेले, नुसते ठिपके दिसेपर्यंत. केस पांढरे होते. मला एकदम रडू फुटलं आणि बाई गोंधळल्या. कारण मला तेव्हाच कळलं, की इतकी वर्षं माझ्या मनातला भाऊ एकोणीसचाच राहिला होता. त्याचे केस पिकले असतील हा विचार फक्त आईनं केला होता.

मी तो फोटो आईला दाखवणार नव्हते. पण विहारात रविवारी वंदनेला सगळ्या भेटतात. पोस्टातल्या काकांच्या बायकोनं तिथे तिखटमीठ लावून सगळं सांगितलं, ओल्या शर्टासकट. आई घरी आली, चप्पल काढली नाही, म्हणाली, "तिकीट काढ."

"आई, तो नसंल."

"मग कोण हाय? आपल्या घाटावरचं बोलते, आपला तलाव विचारते. मले नको शिकवू."

"आन् नसला तर?"

ती चपलेसकट आत जाऊन पिशवी भरायला लागली. मला त्या माणसाची भीती नव्हती उरली. भुताची तर नाहीच. मला भीती एकच होती. अठ्ठावीस वर्षं ही बाई एका आशेवर उठत-बसत होती, आणि मी तिला नेऊन त्या आशेसमोर उभी करणार होते. तो नसला तर परत येताना हिच्याजवळ काय राहणार? पंचाहत्तरीच्या बाईला नव्यानं जगायला काय द्यायचं?

आदल्या दिवशी तिनं गोल बाजारातून केसांचा रंग आणायला लावला. जन्मात कधी लावला नव्हता. अंगणात खुर्ची टाकून बसली आणि म्हणाली, "काळे कर. नाहीतर तो मले ओळखाचा नाही." मी ब्रशनं तिचे पांढरेशुभ्र केस काळे करत होते आणि ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. कानामागे रंग लागला तो शेवटपर्यंत निघाला नाही.

सकाळी आम्ही त्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा आभाळ भरलेलं होतं. समुद्र मी पहिल्यांदा पाहत होते आणि मला तो मुळीच आवडला नाही. तलाव काठाला गप्प बसलेला असतो. हे पाणी सारखं काहीतरी उचलायला येत होतं आणि रिकाम्या हातानं परत जात होतं. ड्रायव्हर गाडीपाशी थांबला. सुरूच्या झाडांतून वारा वाहत होता. आई एका ओंडक्यावर बसली, पदर डोक्यावर घट्ट घेऊन. बाजूला कुठलंसं एक कुटुंब, पाचसहा जण, पाण्याकडे पाठ करून रांगेत उभं, आणि मोबाइल धरलेला माणूस त्यांना आणखी मागे सरका, आणखी मागे म्हणत होता. मी उठून ओरडणार तेवढ्यात दुसऱ्याच कोणीतरी ओरडलं.

झाडांतून तो धावत आला. आधी हिंदीत, मग तेलुगूत, मग परत हिंदीत ओरडत. गुडघ्याएवढ्या पाण्यात शिरून त्यानं सगळ्यांना बाहेर हाकललं. एक लाट त्याच्या छातीवर फुटली आणि शर्ट ओला झाला. म्हणून ओला असायचा तर. एवढी साधी गोष्ट, आणि वर्षभर माझी झोप उडाली होती.

आई उठून चालायला लागली होती. वाळूत पाय रुततात हे तिला माहीत नव्हतं, ती पडत-उठत चालली होती. तो वळला. मी चेहरा पाहिला आणि मला लगेच कळलं. समोरचा दात अर्धा तुटलेला. घाटावर पडून तो तुटला त्या दिवशी मी तिथेच होते. तो माझा भाऊ नव्हता. भावाचा मित्र होता.

आईला कळायला वेळ लागला. ती त्याच्या अगदी जवळ गेली, दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं, डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. मग हात सोडले. मी मागे उभी होते. तिची पाठ मला दिसत होती, आणि ती पाठ एकाएकी म्हातारी झाली.

"काकू," तो म्हणाला आणि वाळूत बसला.

आम्हीही बसलो. त्यानं सांगायला सुरुवात केली, आमच्याकडे न बघता. वडिलांची बदली झाली तिथे त्याचं मन लागलं नाही. वर्षभरात पळून इथेच आला. मासळीच्या बंदरावर बर्फाच्या कारखान्यात लागला, तो अजून तिथेच आहे. दिवसभर बर्फात हात, ते आता गरम होत नाहीत म्हणाला. सुट्टीच्या दिवशी इकडे येतो.

"सुट्टीलेच काहून?" मी विचारलं.

"आपले लोक सुट्टीलेच येतात. तलावात उतरल्यासारखे उतरतात इथं. आभार मानाले लागले की मी झाडात जातो. मले नाही ऐकवत ते."

आई म्हणाली, "माह्या पोराचं सांग."

"पाणी आत ओढून राहिलं होतं, काकू. तो सरळ काठाकडे हात मारे. तलावात मारतो तसा. जेवढा मारे तेवढा मागं जाय. मले तं धड पोहताच येत नव्हतं, मी घाबरून नुसता पडून राहिलो, पाण्यानं मले आडवं नेलं आन् दूर कोठी तरी काठाले लावलं. ज्याले येत होतं तो गेला. मी पाहत होतो."

"पाहत होता. आन् पोलिसांले लिहून दिलं, दिसला नाही म्हणून." आईचा आवाज चढला, तो जुना, पाऱ्यात प्रसिद्ध असलेला. "अठ्ठावीस वर्षं मी वाट पाहून राहिली. एकदा येऊन सांगता येत नव्हतं तुले? एकदा?"

"दोनदा आलो काकू. पाऱ्याच्या तोंडापर्यंत. तुम्ही दारात बसल्या होत्या. परत गेलो."

"काहून?"

तो बोटांनी वाळू उकरायला लागला. मग म्हणाला, "गाडीत बसलो तेव्हापासून त्याचं एकच चालू होतं. आईले सांगू नको. डोंगरगडच सांगजो. पाण्यात उतरताना बी तेच. आन् मंग, तिकडून..." त्यानं पाण्याकडे हात केला. "तिकडून बी तेच ओरडला. मले नीट ऐकू आलं. आईले सांगू नको. त्याचं शेवटचं तेच होतं, काकू. मी कसा सांगतो तुम्हाले?"

मला वाटलं आई आता त्याला मारेल. मारलं असतं तर मी अडवलं नसतं. पण ती पुढे सरकली. मग तिनं त्याची ओली बाही धरली.

"कसं म्हणाला? तसंच सांग."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"आईले सांगू नको," तो हळू म्हणाला.

"असं नाही. दुरून म्हणाला ना तो? मंग दुरून सांग."

तो उठला. पाण्यापर्यंत चालत गेला, आमच्याकडे वळला, तोंडाशी दोन्ही हात धरले आणि ओरडला. वाऱ्यात त्याचा आवाज बारीक झाला, पोरासारखा. मघाचं ते कुटुंब थांबून आमच्याकडे पाहायला लागलं. त्या तीन शब्दांत चढउतार माझ्या भावाचे होते. अठ्ठावीस वर्षं त्या माणसानं ते जसेच्या तसे सांभाळले होते.

आई उभी राहिली. डोक्यावरचा पदर उडाला, तिला भान नव्हतं. ती त्याच्याकडे पाहतच नव्हती. त्याच्या डोक्यावरून, मागच्या पाण्याकडे पाहत होती.

"ऐकलं रे!" ती ओरडली. "समजलं मले! नाही रागावत! ऐकू येऊन राहिलं का तुले? मी नाही रागावत!"

मग ती रडली. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा. तिला कुठे धरावं ते मला कळेना, म्हणून मी नुसती तिच्या पायाशी वाळूत बसून राहिले.